लंडन–कलकत्ता बस आणि खिशाला झेपणारा युरोप

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, नोकरीमुळे कोलकात्यात स्थायिक झालो. मी यंदा साठ पूर्ण केली, पत्नी तीन वर्षांनी लहान. परवा एस्प्लनेडच्या स्टँडवर सिलिगुडीच्या ‘रॉकेट’ बसची वाट पाहत होतो. तिथे एका सहप्रवाशाने मोबाईलवर जुना फोटो दाखवला. बसवर चक्क ‘लंडन–कलकत्ता’ लिहिलेलं! अशी बस खरंच होती का? भाडं किती होतं? आणि आज आम्हा दोघांना टूर कंपनीच्या मागे न लागता, पेन्शनीत बसेल असा युरोप पाहता येईल का? जर्मनीतल्या भाच्याला के. सी. दासच्या रसगुल्ल्यांचे डबे आणि साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचं कबूल केलं आहे, ते चालेल ना? – एक वाचक, कोलकाता

उत्तर : बस होती. मोबाईलवर फिरणाऱ्या बहुतेक जुन्या फोटोंच्या गोष्टी तपासल्या की हवेत विरतात, ही मात्र टिकते. ओझवाल्ड-जोसेफ गॅरो-फिशर नावाच्या गृहस्थांनी ‘इंडियामन’ ही बस १५ एप्रिल १९५७ रोजी लंडनहून सोडली. प्रवासी होते वीस. युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असं करत ती ५ जूनला कलकत्त्यात पोचली आणि २ ऑगस्टला लंडनला परतली. परत जायला ठरल्यापेक्षा सोळा दिवस जास्त लागले. भाडं येताना ८५ पौंड, जाताना ६५.

त्या वेळी रुपया म्हणजे दीड शिलिंग, म्हणजे पौंडाला तेरा रुपये आणि काही आणे. तेव्हा ८५ पौंडांचे साधारण ११३३ रुपये झाले. एक्कावन्न दिवसांनी भागलं तर रोजचे बावीस रुपये. साध्या कारकुनाचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात गेले असते, हे खरं. पण त्या बावीस रुपयांत प्रवास, जेवण आणि रात्रीची सोय, हॉटेलात नाहीतर तंबूत, सगळं आलं.

नंतर ‘ॲल्बर्ट’ नावाची दुमजली बसही या वाटेवर धावली. १९६८ मध्ये सिडनीहून निघून ती भारतातून लंडनला गेली, आणि मग तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. आत झोपायला बंक, स्वयंपाकघर, सगळा संसार. तिचं भाडं पुढे १४५ पौंडांपर्यंत गेलं. मोबाईलवरच्या मजकुरात या दोन बसगाड्यांची सरमिसळ होते. एकीचा फोटो आणि दुसरीची माहिती, असा प्रकार असतो.

१९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि ही खुश्कीची वाट संपली. २०२० मध्ये गुरुग्रामच्या एका कंपनीने दिल्ली–लंडन बसची घोषणा केली होती. वाट म्यानमार, चीन आणि मध्य आशियातून, सत्तर दिवस, अठरा देश, आणि दर माणशी सुमारे पंधरा लाख रुपये! ‘इंडियामन’ची ती फक्त नावाची वारस. तुम्हाला विमानानेच जावं लागणार.

तरीही तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या जुन्या बसमध्येच आहे. ती स्वस्त पडली कारण अंथरूण-जेवण तिच्या भाड्यातच होतं आणि कुणाला घाई नव्हती. आपली मंडळी उलट करतात. बारा दिवसांत नऊ देश, रोज नवं हॉटेल, रोज पहाटे बॅगा. या पळापळीलाच सगळ्यात जास्त पैसे लागतात. तीन आठवडे काढा, पण शहरं चार किंवा पाचच ठेवा. एका ठिकाणी चार-पाच रात्री राहिलात की प्रवासाचं भाडं घटतं, आठवड्याचा पास परवडतो, कोपऱ्यावरचं दुकान ओळखीचं होतं.

हे शिकायला लांब जायला नको. एस्प्लनेडहून चौरंगीने दक्षिणेला चालत निघा, म्युझियमच्या अलीकडे सदर स्ट्रीट लागेल. पन्नासेक वर्षं युरोपातली पोरं तिथल्या गेस्टहाउसात उतरत आली आहेत. डॉर्ममधली खाट, फुटपाथवरचा चहा-टोस्ट, न्यू मार्केटमधली केळी, गावात फिरायला ट्राम. पुढे कुठे जायचं ते दुसऱ्याच्या अनुभवावरून ठरवायचं. आपल्याकडे ती जशी राहतात तसंच आपण त्यांच्याकडे राहायचं, एवढीच युक्ती. आपल्याला मात्र तिथे गेलं की प्रत्येक जेवण टेबलावर बसून आणि खोली चौकात असावी असं वाटतं. माझ्या मते या हौसेनेच अर्धं बजेट जातं.

त्याहून मोठा धडा हवा असेल तर एस्प्लनेड रोवरच्या टाउन हॉलसमोर जरा थांबा. डिसेंबर १९२६ मध्ये बिमल मुखर्जी मित्रांसह तिथूनच सायकलवर जग पाहायला निघाले. ते परतले १९३७ मध्ये. वाटेत कधी मासेमारीच्या जहाजावर, कधी डेअरीच्या शेतावर काम करून त्यांनी पुढचा खर्च भागवला. त्यांचं ‘दु’चाकाय दुनिया’ हे पुस्तक बंगालीत आहे. तुम्हाला एव्हाना वाचता येत असेल तर जाण्याआधी वाचा. काम करायचा सल्ला मात्र घेऊ नका, पर्यटक व्हिसावर ते बेकायदा आहे.

आता व्हिसा. एकाच व्हिसावर फिरता येतं त्या शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत, बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे त्यात आले. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा आणि खर्चही वेगळा. पहिल्या खेपेला लंडन वगळा असं मी म्हणेन, ब्रिटिश म्युझियम फुकट असलं तरी. शेंगेनची फी जून २०२४ पासून प्रौढाला ९० युरो आहे. हिशेबाला सोपं म्हणून युरोला शंभर रुपये धरा. दोघांचे अठरा हजार आणि वर व्हिसा-केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. म्हणून कागद नीट लावा. बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचा पुरावा, किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा, आणि दिवसागणिक कुठे असाल याचा साधा तक्ता. ज्या देशात जास्त रात्री राहणार तिथे अर्ज करायचा. सगळीकडे सारख्याच असतील तर ज्या देशातून आत शिरणार तिथे. ‘अमुक देश व्हिसा लवकर देतो’ म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि राहायचं भलतीकडे, हा उद्योग करू नका. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं फुकट रद्द होतील अशीच ठेवा आणि विमानाचं तिकीट परत न मिळणारं घेऊ नका.

एकदा नीट जाऊन वेळेत परतलात की पुढचं सोपं होतं. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नवी सवलत आहे. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नियमाने वापरले असतील तर पुढचा सहसा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळतो. मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहू नका. पासपोर्टावरच्या शिक्क्याची जागा आता बोटांच्या ठशांनी आणि फोटोने घेतली आहे, दिवस संगणक मोजतो.

कोलकात्याहून जाताना बहुधा दोहा, दुबई किंवा अबू धाबीला विमान बदलाल. तिकीट काढताना एका शहरात उतरा आणि दुसऱ्या शहरातून परत या. दोन सुटी तिकिटं घेण्यापेक्षा एकाच बुकिंगमध्ये हे स्वस्त पडतं आणि उलटा प्रवास वाचतो.

कुठे जायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खर्चाचं सगळ्यात मोठं कलम तेच आहे. झुरिचमध्ये जेवढ्यात दोन दिवस निघतात तेवढ्यात क्राकूमध्ये आठवडा निघू शकतो. माझं ऐकाल तर पहिल्या खेपेला प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि क्राकू करा. चारही शहरं शेंगेनमध्ये, एकमेकांपासून रेल्वेने किंवा बसने जवळ. व्हिएन्ना–बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास, प्राग–व्हिएन्ना चारेक तास, व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा तर तासाभरावर, म्हणजे आणखी एक देश एका दिवसात आणि मुक्कामाशिवाय. व्हिएन्ना त्यातलं महाग, तिथे रात्री कमी ठेवा. चेकिया, हंगेरी आणि पोलंड यांची चलनं वेगळी आहेत, त्याचा त्रास होतो पण खिशाला हायसं वाटतं. पॅरिसचा मोह असेल तर एक माहिती : लूव्ह्रने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो तिकीट केलं आहे. उलट इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, आणि माद्रिदचं प्रादो रोज संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट.

तुम्ही साठीचे झालात म्हणून ‘युरेल’ या रेल्वे-पासवर दहा टक्के सूट मिळेल. पत्नीला नाही. पण पास घेऊच नका, असा माझा कल आहे. फ्रान्स, इटली आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे दहा-वीस युरो वेगळे पडतात, आणि चार-पाच शहरांच्या संथ प्रवासात पास वसूल होत नाही. त्याऐवजी दोन-तीन महिने आधी रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर सवलतीचं तिकीट घ्या. जसजशी तारीख जवळ येते तसतसं ते चढतं, आपल्याकडच्या विमानाच्या तिकिटासारखं. इटलीतल्या साध्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, ते आधी काढायची घाई नको. जर्मनीत भाच्याकडे महिनाभर राहणार असाल तर ‘डॉइचलांड-तिकीट’चा विचार करा. २०२६ पासून महिना ६३ युरो, त्यात देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम, बस, मेट्रो सगळं. जलद आयसीई त्यात नाही. ते वर्गणीसारखं असतं, महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. रद्द करायचं काम भाच्याकडे द्या. आणि एक गंमत, लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही.

सिलिगुडीच्या रात्रबसला सरावलेल्यांना ‘नाइटजेट’सारख्या रात्रीच्या गाड्या जमतील. बंकचं तिकीट हॉटेलच्या एका रात्रीची बचत करतं. फ्लिक्सबस आणखी स्वस्त, पण साठीनंतर रात्रभर बसून जाण्याची शिफारस मी करणार नाही. कमी खर्चाच्या विमानकंपन्यांचं जाहिरातीतलं भाडं पाहून भुलू नका. बॅगेचे पैसे वेगळे, आणि विमानतळ गावापासून लांब असू शकतो. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे हे पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथून शहरात यायला बस, म्हणजे पुन्हा तिकीट.

शहरातल्या ट्रामबद्दल खास सांगायला हवं. एस्प्लनेडच्या ट्राममध्ये कंडक्टर तिकीट घेऊन तुमच्यापाशी येतो. प्राग-बुडापेस्टला कुणी येत नाही, गेटही बहुतेक ठिकाणी नसतं, आणि नवख्याला वाटतं इथे फुकट आहे. तिकीट आधी घ्यायचं आणि चढल्याबरोबर यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तरी साध्या कपड्यांतला तपासनीस दंड करतो. वय, देश, अडाणीपण, काही चालत नाही. दिवसाचा किंवा तीन दिवसांचा पास घेतला की एकदाच शिक्का, मग डोक्याला ताप नाही.

राहायला हॉस्टेल. नाव ऐकून पोराटोरांची जागा समजू नका, बहुतेक ठिकाणी वयाची अट नसते. ही कल्पनाच शिक्षकाची आहे. जर्मनीत रिचर्ड शिर्मान या शाळामास्तरांनी मुलांच्या सहलींसाठी अल्तेनाच्या किल्ल्यात १९१२ मध्ये पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल काढलं. आपल्याकडे सह्याद्रीत आणि हिमालयात ट्रेकला जाणारे ज्या यूथ होस्टेल्सचं सदस्यत्व घेतात ती त्याच घराण्यातली संस्था. तिथे दोघांसाठी वेगळी खोलीही मिळते आणि स्वयंपाकघर असतं. पूर्वेकडच्या शहरांत डॉर्मचा बंक साधारण वीस-तीस युरोत, पॅरिस-ॲमस्टरडॅमला त्याच बंकला दुप्पट. उन्हाळ्यात विद्यापीठांची वसतिगृहं पाहुण्यांना भाड्याने मिळतात, तीही बघा. खोलीच्या भाड्याशिवाय दर रात्रीचा पर्यटन-कर पुष्कळ शहरांत वेगळा द्यावा लागतो, कधी रोखीने.

तुमचा खाऊ आणि पेढे. नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. रसगुल्ला छेन्याचा, कंदी पेढा खव्याचा, दोन्ही त्यात बसतात, डबा सीलबंद असला तरी. भाच्यासाठी आंबेही नकोत, ताज्या फळांना कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं. कढीपत्त्याच्या पानांचंही तेच. चिवडा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भाजणीचं थालीपीठ लावलंत तर शेजारच्या बंकवरची मंडळी पाहुणी म्हणून येतील, तेवढी भाजणी जास्त घ्या. तांदूळ, डाळ, दही, भाजी तिथल्या सुपरमार्केटात मिळते. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी आठवणीने आणा. मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी सापडतात. दुपारचं जेवण बाहेर घ्या, कारण दुपारी ठरलेल्या किमतीचं ताट मिळतं आणि रात्री तेच पदार्थ महाग होतात. इटलीत कॉफी काउंटरला उभ्याने प्या. खुर्चीत बसलात की भाव बदलू शकतो. पाण्याची बाटली विकत घेत बसू नका. बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रोममध्ये तर रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात. फ्रान्समधल्या हॉटेलात जेवताना ‘काराफ द’ओ’ मागितलं की साधं पाणी फुकट येतं. स्वच्छतागृहाला मात्र पन्नास सेंट ते एक युरो लागतो. सुटी नाणी पत्नीच्या पर्समध्ये आणि तुमच्याही खिशात असू द्या. ऐन वेळी एकमेकांना शोधत बसणं फार वाईट.

पैशांबद्दल थोडक्यात. यंत्रावर ‘रुपयात घेऊ की तिथल्या चलनात?’ असं विचारलं तर नेहमी तिथलं चलन म्हणा. रुपये म्हणालात की दुकानदाराची बँक मनाला येईल तो भाव लावते. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर बँका तीन-साडेतीन टक्के परकीय चलनाचा आकार लावतात, त्यामुळे कमी आकाराचं कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड आधी करून घ्या. विमानतळावरचं पैसे बदलायचं काउंटर टाळा. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या भारतीयांना सरकार हातावर आठ डॉलर ठेवत असे. आता अडचण परकीय चलन मिळण्याची नाही, ते वाटेत गळण्याची आहे. खिसेकापूंचं म्हणाल तर धर्मतळ्याच्या गर्दीत सांभाळलेलं पाकीट तुम्ही बार्सिलोनातही सांभाळाल. फक्त पासपोर्ट शर्टाच्या आत ठेवा.

टूर कंपनीबद्दल माझ्या मनात आकस नाही. कुंडू स्पेशल १९३३ पासून बंगाली कुटुंबांना स्वयंपाकी बरोबर घेऊन फिरवते आहे, आणि आपल्या मराठी कंपन्यांनी कित्येक आजी-आजोबांना आल्प्सच्या बर्फात पुरणपोळी वाढली आहे. गुडघे दुखत असतील, भाषेची धास्ती वाटत असेल, किंवा सुटी आठ-दहा दिवसांचीच असेल तर टूर घ्या. त्यात पैसे जास्त जातात पण झोप शांत लागते. तुमच्या पत्रावरून कळतं की तुम्ही सिलिगुडीची बस स्वतः उभे राहून पकडता. तुम्हाला टूरची गरज दिसत नाही.

मे महिना आपल्याकडच्या सुटीचा आणि म्हणून विमानांच्या महागड्या तिकिटांचा, जुलै-ऑगस्ट तिथल्या गर्दीचा. कोलकात्यात राहता तर दुर्गापूजेच्या दिवसांचा फायदा घ्या. ऑक्टोबरात तिथे झाडं रंगलेली असतात, थंडी सोसवते, खोल्यांचे भाव उतरलेले असतात. म्युनिकला मात्र ऑक्टोबरफेस्ट संपल्यावर जा, नाहीतर बंकसुद्धा मिळायचा नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. पूजेला निघायचं तर जूनमध्ये कागद तयार ठेवा आणि जुलै उजाडायच्या आत केंद्रातली वेळ घ्या. ऑगस्टमध्ये त्या वेळा मिळेनाशा होतात, कारण तोवर अख्ख्या बंगालला तीच आठवण झालेली असते.